उरलेली ताकद कुणाची?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२.

साध्या शब्दांत अर्थ असा. यज्ञाने संतुष्ट झालेले देव तुम्हाला हवं ते देतील. पण त्यांच्याकडून मिळालेलं, त्यांना काहीही परत न करता जो एकटाच भोगतो, त्याला भगवंत चोर म्हणतात.

हा श्लोक मी आजवर पन्नासेक वेळा तरी वाचला असेन. 'चोर' हा शब्द दरवेळी दुसऱ्या कुणासाठी तरी आहे असं वाटायचं. लाच खाणाऱ्यांसाठी, नदीत रसायनं सोडणाऱ्यांसाठी. मागच्या आठवड्यात तो माझ्यापर्यंत आला, आणि तोही माझ्या गाडीच्या निमित्ताने. म्हणून आजचं चिंतन थोडं ऑइल-पेट्रोलचा वास असलेलं आहे. सांभाळून घ्या.

माझी गाडी चार वर्षांची आहे. एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर. कंपनीतून आली जवळपास तशीच आहे. मी फक्त टायर थोडे रुंद घेतले आणि एअर फिल्टर बदलला. ऑफिसमधल्या एका मित्राकडे हेच मॉडेल आहे, पण त्याने ते रिमॅप करून घेतलंय. एका रविवारी लोणावळ्याला जाताना तो म्हणाला, "घे, तू चालव." तिसऱ्या गिअरमध्ये ट्रकला ओव्हरटेक करताना पाय दाबला आणि गाडी अशी सुटली, की मला हसूच आलं. लहानपणी चक्रीपाळण्यात पोटात गोळा यायचा ना, तसं. सोमवारी मी ट्यूनरला फोन केला आणि पाच हजार ॲडव्हान्स पाठवून शनिवारी सकाळी अकराची वेळ घेतली.

ज्यांना या प्रकाराची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाचा एक कॉम्प्युटर असतो, त्याला ईसीयू म्हणतात. त्याच्या पोटात आकड्यांचे तक्ते असतात, ते म्हणजे मॅप. इंजिन किती वेगाने फिरतंय, ॲक्सिलरेटर किती दाबलाय, हवा किती गरम आहे, हे सेन्सरकडून घ्यायचं आणि तक्त्यात बघून ठरवायचं, की पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, टर्बोने हवा किती दाबून आत ढकलायची. रिमॅप म्हणजे हे आकडे बदलणं. बऱ्याच गाड्यांत स्टीअरिंगखालच्या पोर्टला केबल लावायची, जुनी फाइल काढून ठेवायची, नवी टाकायची, झालं. एक नटसुद्धा सैल करावा लागत नाही. माझी गाडी यानंतर ११० वरून १३५ हॉर्सपॉवरच्या आसपास जाईल असं ट्यूनर म्हणाला.

मी स्वतः दिवसभर कोडच लिहितो, त्यामुळे मला यात गैर काय तेच कळेना. गाडी माझी, हप्ते माझे, इंजिन तेच. कंपनीने सावधपणा म्हणून आकडे कमी ठेवलेत, मी ते थोडे वर नेतोय. "आत आहेच ना ताकद, नुसती पडून आहे," हे वाक्य मी आठवडाभर बायकोला, मित्रांना आणि सगळ्यात जास्त स्वतःला ऐकवलं.

आणि या बाजूने बोलण्यासारखं खरंच काही आहे. कंपन्या कधीकधी एकच इंजिन दोन मॉडेलमध्ये वेगवेगळ्या ताकदीने विकतात. तिथे फरक बराचसा सॉफ्टवेअरचा आणि मार्केटिंगचा असू शकतो. शिवाय बदल करणं मुळातच पाप आहे असंही नाही. सर्व्हिस सेंटर स्वतः कंपनीचे अपडेट टाकतं. मान्यताप्राप्त सीएनजी किट लोक बसवतात आणि आरसीवर रीतसर नोंदवतात. फक्त ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीचा हिशोब तर आणखी निराळा. तेव्हा "देवाने, म्हणजे कंपनीने, जशी दिली तशीच ठेवा" असला उपदेश मी करणार नाही. तो मलाच पटत नाही.

पण बुधवारी दोन फोन झाले.

पहिला ट्यूनरचा. मुलगा हुशार आहे, कामात पक्का आहे, आणि त्याने काही लपवलं नाही. मी विचारलं, "वॉरंटी अजून एक वर्ष आहे, तिचं काय?" तो म्हणाला, "सर, टेन्शन नाही. सर्व्हिसच्या आदल्या दिवशी या, दहा मिनिटांत स्टॉक मॅप परत टाकून देतो. सर्व्हिस झाली की परत आपला मॅप. सगळे तसंच करतात." इन्शुरन्सचं विचारलं तर म्हणाला, "ते कोण बघतंय, सर?"

दुसरा फोन बाबांचा. बाबांचं साताऱ्याजवळ हायवेला पंप-नोझलचं दुकान होतं, तीस वर्षं. डिझेल ट्रकचे पंप उघडायचे, साफ करायचे, टेस्ट बेंचवर लावून परत बसवायचे. मी उत्साहाने सांगितलं, "बाबा, गाडीचा कॉम्प्युटर ट्यून करून घेतोय शनिवारी."

"म्हणजे पंप वाढवणार."

"तसंच काहीसं."

ते जरा थांबले आणि म्हणाले, "आणि सील कोण लावणार?"

मला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. जुन्या डिझेल पंपावर एक स्क्रू असायचा. जास्तीत जास्त डिझेल किती जाऊ द्यायचं ते त्याने ठरायचं. त्यावर तार आणि शिशाचं सील असायचं. ट्रकवाले यायचे, म्हणायचे, "गाडी ओढत नाही, पंप वाढवून द्या." सील तोडायचं, स्क्रू फिरवायचा. ट्रक घाटात जोरात चढायचा, पण जास्तीचं डिझेल पुरतं जळायचं नाही आणि मागून काळा धूर निघायचा. "मग आम्ही आमच्याकडचं दुसरं सील लावून द्यायचो," बाबा म्हणाले. "बघणाऱ्याला वाटायचं, कुणाचा हातच लागलेला नाही."

"तुम्ही करायचात हे?"

"पोट होतं रे. सुरुवातीची काही वर्षं केलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला माझ्याच आयुष्यातलं असून माहीत नव्हतं. मी सात-आठ वर्षांचा असेन. स्कूटरवर मला मागे बसवून ते शिरवळला निघाले होते. खंबाटकी घाटात पुढे एक लादलेला ट्रक, आणि त्याचा धूर सरळ आमच्या तोंडावर. मला खोकल्याची उबळ आली ती थांबेना. बाबांनी नंबर वाचला. आदल्या दिवशी त्यांनीच वाढवलेला पंप. त्यांनी स्कूटर कडेला घेतली, माझं तोंड रुमालाने पुसलं आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत थांबले. मला फक्त एवढं आठवतं, की त्या दिवशी रस्त्यात मला उसाचा रस मिळाला होता. त्यानंतर त्यांनी पंप वाढवणं सोडलं. बरीच गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली.

"तू शिकलेला आहेस, तुला जास्त कळतं," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. बाबा हे वाक्य म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो ते तुम्हाला माहीत असेलच.

त्या रात्री मी शांतपणे विचार केला, की ही 'पडून असलेली' ताकद नेमकी कशासाठी ठेवलेली असते? इंजिन डिझाइन करणाऱ्याला माहीत नसतं, की गाडी कोण घेणार. ती विदर्भातल्या मे महिन्यात चालेल की लडाखच्या विरळ हवेत. कुठल्या पंपावरचं पेट्रोल तिच्यात पडेल. ऑइल वेळेवर बदललं जाईल की नाही. खराब पेट्रोलमुळे सिलिंडरमध्ये स्फोट अवेळी होऊ लागले, की नॉक सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू ठिणगी उशिरा पाडून इंजिन वाचवतो. त्याला असं वाचवायला थोडी जागा लागते. क्लच आणि गिअरबॉक्ससुद्धा ठरावीक टॉर्कच्या हिशोबाने केलेले असतात. माझा मित्र ज्याला 'सावधपणा' म्हणतो तो हा.

आमच्याकडे सर्व्हर साठ टक्के लोडवर चालतो तेव्हा कुणी म्हणत नाही, की चाळीस टक्के वाया चालले. ते चाळीस टक्के दिवाळीच्या सेलसाठी असतात, अचानक मशीन बंद पडलं तर त्यासाठी असतात. ज्याचं पेमेंट रात्री दोन वाजता अडकू नये, त्या अनोळखी माणसासाठी असतात. हे मी नव्या मुलांना दरवर्षी शिकवतो. गाडीच्या बाबतीत मात्र विसरलो.

आता धुराचं. पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायला हवा आणि इंधनाचं प्रमाण अगदी काटेकोर लागतं. शुद्ध पेट्रोलसाठी वजनाने सुमारे १४.७ ला १. या प्रमाणाच्या आसपास तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड, तिन्ही एकदम आवरतो. जास्त ताकदीसाठी केलेल्या मॅपमध्ये पूर्ण पाय दाबल्यावर पुष्कळदा इंधन जास्त सोडतात, म्हणजे आतला भाग फार तापत नाही. त्या वेळी ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तसाच बाहेर जातो. डिझेलसारखा काळा धूर दिसत नाही, एवढाच काय तो फरक. आणि पीयूसीला काय कळणार? पेट्रोल गाडीची पीयूसी उभ्या गाडीवर होते, घाट चढताना नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं तेव्हा मी व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं होतं, की आता तरी हवा सुधारेल. आपल्या बाजूने ते प्रमाणपत्र मी दहा मिनिटांच्या फाइलने रद्द करणार होतो.

इथे मला फोक्सवॅगनचं प्रकरण आठवलं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ते उघड केलं. डिझेल गाड्यांच्या सॉफ्टवेअरला समजायचं, की आत्ता आपली चाचणी चाललीय. स्टीअरिंग किती वळतंय, वेग किती, इंजिन किती वेळ चालू आहे, यावरून ते ओळखायचं. चाचणीत गाडी सभ्य, रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. २०१७ मध्ये कंपनीच्या एका इंजिनिअरला अमेरिकेत चाळीस महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा ऑफिसच्या कँटीनमध्ये मी मोठ्या तावातावाने बोललो होतो, की असा कोड लिहिणाऱ्याचा हात कसा थरथरला नाही.

आणि "सर्व्हिसला जाताना स्टॉक मॅप, परत येताना आपला मॅप" म्हणजे काय? तपासणाऱ्यासमोर एक गाडी, रस्त्यावर दुसरी. त्या कंपनीचं मोठ्या प्रमाणावर होतं, माझं पाच हजार ॲडव्हान्सचं. बाबांच्या भाषेत, सील.

आज ज्या श्लोकावर बोलतोय त्यातल्या 'यज्ञ' शब्दाला आपण होम आणि तुपाशी जोडतो. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, त्यात या शब्दाची फार सोपी उकल आहे. आपण सृष्टी वापरतो, त्यामुळे ती झिजते. ही झीज भरून काढायची, हा यज्ञ. जमीन वापरली तर तिला खत द्यायचं. त्या अर्थाने हवा ही देवाने दिलेली वस्तू आहे, आणि मी गाडी चालवतो तेव्हा ती थोडी झिजवतोच. कन्व्हर्टर, सेन्सर, तो काटेकोर मॅप, यांनी झीज भरून निघत नाही, पण निदान आटोक्यात राहते. कुणीतरी इंजिनिअरने माझ्या वतीने केलेला तो छोटासा यज्ञ आहे असं मी आता म्हणेन. त्यात दिलेलं परत काढून घ्यायचं आणि तिसऱ्या गिअरमधल्या चार सेकंदांसाठी वापरायचं, हा माझा शनिवारचा बेत होता.

तुम्ही म्हणाल, एका गाडीने काय होतं? खरंय, काही होत नाही. मुंबई-पुण्याच्या हवेला माझी गाडी कळणारही नाही. पण श्लोकात चोरीचं माप कुठे दिलंय? देवळातल्या ताटलीतून एक रुपया उचलला तर देवस्थान बुडत नाही, पण उचलणाऱ्याला तर माहीत असतं.

कायद्याचंही बोलतो, कारण कमेंटमध्ये कुणीतरी विचारेलच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ नोंदीशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर बोट ठेवलं. पण कायद्यामुळे मी थांबलो असं लिहिलं तर ते खोटं होईल. कायदा मला सोमवारीही माहीत होता आणि तरी मी ॲडव्हान्स भरला होता. मी अडलो तो बाबांच्या प्रश्नावर.

त्या प्रश्नाने मला एक साधी कसोटी मिळाली. बदल करायचा की नाही हे ठरवता येत नसेल, तर आधी विचारायचं: हे मी उघड करू शकतो का? सर्व्हिस ॲडव्हायझरला, इन्शुरन्स कंपनीला, आरटीओला, आणि उद्या गाडी विकली तर ती घेणाऱ्याला? सीएनजी किटवाला हो म्हणू शकतो, त्याच्या आरसीवर लिहिलेलं असतं. मला चौघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. आणि गाडी घेणाऱ्याचा विचार तर मी केलाच नव्हता. त्याच्या वाट्याचं क्लचचं, टर्बोचं आयुष्य मी आधीच खर्च केलेलं असणार, आणि त्याला ते 'कंपनी कंडिशन' म्हणून विकणार.

शुक्रवारी मी ट्यूनरला फोन करून नाही म्हणालो. तो चिडला नाही. "ॲडव्हान्स परत मिळणार नाही, सर," म्हणाला, ते मी धरूनच चाललो होतो. त्याची सकाळ मी अडवली होती, ते पैसे त्याचेच.

आता खरं सांगतो, यानंतर मन शांत झालं वगैरे काही नाही. शनिवारी सकाळी अकरा वाजता मी घड्याळ बघितलं. मित्राची गाडी पार्किंगमध्ये दिसली की अजूनही आत काहीतरी हलतं. याच अध्यायाच्या शेवटी भगवंत कामनेला कधीही न भरणाऱ्या आगीसारखी म्हणतात, तेव्हा ती एका आठवड्यात विझेल अशी अपेक्षा मीही करत नाही. फक्त एवढं कळलं, की तिला घालायला मी जे इंधन उचललं होतं ते माझं नव्हतं.

काल बाबा-आईला भेटायला साताऱ्याला गेलो. खंबाटकीत पुढे ट्रक होता, रांगत चाललेला. ओव्हरटेक करायला जागा नव्हती. बाजूला एक स्कूटर, मागे एक लहान मुलगी, तोंडाला ओढणी बांधलेली. मी दुसऱ्या गिअरमध्ये, काच वर, एसी चालू. मला ती खोकताना ऐकू येणं शक्यच नव्हतं. वर पोचेपर्यंत मी तिच्या मागेच राहिलो.

बाबांना सांगितलं, "नाही केलं." ते म्हणाले, "बरं." मग विचारलं, "प्लग बघितलेस का कधी? चार वर्षं झाली." संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून प्लग बदलले. गाडी आहे तेवढीच पळते.

आजचा संकल्प: आपल्याकडे 'नुसतं पडून आहे' असं वाटणारी एक गोष्ट आज शोधा. टीममधल्या कुणाचा मोकळा अर्धा तास असेल, सोसायटीच्या टाकीतलं पाणी असेल, आई-बाबांचा वेळ असेल. ती वापरण्याआधी एकदा विचारा, हे कुणाच्या वाट्याचं राखून ठेवलंय? आणि वापरल्यावर मला कुठे सील लावावं लागेल का?

उत्तर काय आलं ते जमलं तर खाली लिहा. उद्या तेरावा श्लोक.

राम कृष्ण हरी.